कोणीही न दगावलेल्या अपघाताचे देणे

विमान अपघातात माणसे मृत्युमुखी पडली की चौकशीची मागणी करायला कोणाला शिकवावे लागत नाही. नातेवाईक ती करतात, वृत्तपत्रे करतात, लोकप्रतिनिधी सभागृहात प्रश्न विचारतात आणि अहवाल हाती येईपर्यंत नियामकांना स्वस्थ बसू दिले जात नाही. विमानातील सगळेच वाचले, तर मात्र चित्र पालटते. वैमानिकाचे सत्कार होतात, मदतीला धावलेल्यांचे कौतुक होते, आणि अशा वेळी कोणी खोलात जाऊन प्रश्न विचारू लागला, तर त्याचे वागणे कृतघ्नपणाचे ठरते. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरलेल्या यूएस एअरवेजच्या १५४९ क्रमांकाच्या उड्डाणाबाबत हेच घडले. विमानातील १५५ जण जिवंत बाहेर आले आणि त्या दिवसापासून ती घटना लोकांच्या मनात आनंदाची कहाणी म्हणून रुजली. तो आनंद खराच होता. परंतु जीवितहानी न झालेल्या अपघाताची चौकशी इतर कोणत्याही अपघाताइतकीच कसून व्हायला हवी, आणि तिच्यातून जे निघेल त्याची अंमलबजावणीही तितक्याच निकडीने व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. हडसनच्या बाबतीत यातले पहिले काम उत्तम झाले; दुसरे अर्धवट राहिले.

घडले ते थोडक्यात असे. दुपारी साडेतीनच्या सुमारास लाग्वार्डिया विमानतळावरून शार्लट शहराकडे निघालेले एअरबस ए-३२० जातीचे विमान सुमारे २,८०० फूट उंचीवर असताना कॅनडा गूज जातीच्या रानहंसांच्या थव्यात सापडले. दोन्ही इंजिनांत हंस शिरले आणि दोन्हींची ताकद जवळजवळ एकाच वेळी गेली. उड्डाणाच्या वेळी विमान सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांच्या हाती होते. कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर यांनी ते ताबडतोब आपल्याकडे घेतले, विमानाच्या शेपटीतले सहायक इंजिन सुरू केले आणि स्काइल्स चेकलिस्टकडे, म्हणजे संकटात क्रमाने करायच्या कृतींच्या यादीकडे, वळले. हवाई वाहतूक नियंत्रक पॅट्रिक हार्टन यांनी आधी लाग्वार्डियाची धावपट्टी देऊ केली, मग नदीपलीकडच्या न्यू जर्सीतील टेटरबरोची. टेटरबरोला पोचणे शक्य नाही, आपण हडसनमध्ये उतरत आहोत, असे कॅप्टननी कळवले. पक्ष्यांची धडक आणि पाण्याचा स्पर्श यांच्यामध्ये जेमतेम साडेतीन मिनिटे गेली होती.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ, म्हणजे एनटीएसबी, ही अमेरिकेतील स्वतंत्र चौकशी यंत्रणा. तिने विचारलेला सर्वांत टोचणारा प्रश्न असा होता की, विमान माघारी वळून लाग्वार्डियाला पोचले असते का? अनेकांना हा प्रश्नच अपमानास्पद वाटला. या घटनेवर २०१६ साली आलेल्या हॉलिवूडच्या चित्रपटात चौकशी अधिकारी कॅप्टनना जवळजवळ आरोपीसारखे कोंडीत पकडताना दाखवले आहेत, आणि प्रत्यक्ष चौकशी केलेल्यांनी त्या चित्रणाला जाहीर आक्षेप घेतला होता. माझ्या मते तो प्रश्न विचारला गेला, हेच त्या चौकशीचे मोठेपण आहे. कारण त्याचे उत्तर शोधताना एक गोष्ट प्रयोगाने सिद्ध झाली, जी एरवी केवळ सहानुभूतीच्या भाषेत बोलली गेली असती.

सिम्युलेटरमध्ये बसवलेल्या वैमानिकांनी हंसांची धडक होताच लाग्वार्डियाकडे वळण घेतले, तेव्हा काही वेळा विमान धावपट्टीपर्यंत पोचले. मात्र त्या वैमानिकांना पुढे काय होणार हे आधीच ठाऊक होते. प्रत्यक्षातल्या वैमानिकाला आधी आवाज ऐकावा लागतो, इंजिनांचे आकडे खाली येताना पाहावे लागतात, एक इंजिन गेले की दोन्ही हे ठरवावे लागते, ते पुन्हा चालू होण्याची आशा किती याचा अंदाज घ्यावा लागतो, आणि मगच परतायचे की नाही हा प्रश्न त्याच्यासमोर उभा राहतो. हे सारे होण्यासाठी पस्तीस सेकंदांचा वेळ धरून वळण घेतले गेले, तेव्हा विमान धावपट्टीपर्यंत पोचले नाही. लाग्वार्डिया आणि धडक झाली त्या जागेच्या मध्ये दाट वस्ती आहे. ताबडतोब वळण्याची अपेक्षा वास्तवाला धरून नाही, आणि नदीत उतरण्याच्या निर्णयामुळेच सर्वांच्या वाचण्याची शक्यता सर्वाधिक राहिली, हा मंडळाचा निष्कर्ष या प्रयोगांवर उभा आहे. कॅप्टनवरील लोकांच्या प्रेमापेक्षा तो कितीतरी भक्कम पुरावा आहे. निर्णयाचे मोजमाप करताना निर्णय घेणाऱ्याला विचारासाठी लागणारा वेळही हिशेबात धरावा लागतो, ही गोष्ट या चौकशीने कागदावर आणली, आणि ती न्यायालयांनीही वाचावी अशी आहे.

न्यायालयांचा उल्लेख मी सहज केलेला नाही. हडसनच्या घटनेनंतर दोनच महिन्यांनी, मार्च २००९ मध्ये, इटलीतील पालेर्मो येथील न्यायालयाने ट्युनिंटर या ट्युनिशियन कंपनीच्या वैमानिकाला आणि सहवैमानिकाला प्रत्येकी दहा वर्षांच्या कैदेची शिक्षा सुनावली. ६ ऑगस्ट २००५ रोजी बारीहून जेर्बाला निघालेले त्यांचे एटीआर ७२ विमान इंधन संपल्यामुळे सिसिलीजवळ समुद्रात उतरले होते आणि ३९ पैकी १६ जणांचा मृत्यू झाला होता. इंधन संपले, कारण विमानात एटीआर ४२ या लहान विमानाचा इंधनदर्शक बसवला गेला होता आणि तो टाकीत नसलेले इंधन दाखवत होता. शिक्षा झालेल्यांमध्ये कंपनीची आणि देखभाल विभागाची माणसेही होती. परंतु सगळी चर्चा वैमानिकाभोवती फिरली: तो घाबरला, त्याने प्रार्थना केली, जवळचा विमानतळ गाठण्याऐवजी पाण्यात उतरण्याचा मार्ग धरला. त्या वैमानिकांचे काहीच चुकले नाही, असे मी म्हणत नाही. इंजिने बंद पडल्यावर त्यांनी केलेल्या हाताळणीत उणिवा होत्या. पण दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली की एक अस्वस्थ करणारी बाब समोर येते. दोन्हीकडे प्रश्न तोच होता: विमानतळापर्यंत पोचता आले असते का? एका ठिकाणी तो सुरक्षेसाठी विचारला गेला, दुसऱ्या ठिकाणी शिक्षेसाठी. हडसनवर त्या दिवशी लाटा असत्या, विमान दुभंगले असते आणि वीस जण बुडाले असते, तर निर्णय तोच असूनही कॅप्टन सलेनबर्गर यांच्याविषयी आज काय बोलले गेले असते, याचा विचार प्रत्येकाने प्रामाणिकपणे करून पाहावा.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराच्या तेराव्या परिशिष्टात स्पष्ट म्हटले आहे की, अपघाताच्या चौकशीचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे. दोष किंवा जबाबदारी ठरवणे हा नाही. हे तत्त्व वैमानिकांना पाठीशी घालण्यासाठी आहे, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि ज्यांचे माणूस गेले त्यांच्या तोंडी तो आला तर तो समजूनही घ्यायला हवा. जाणूनबुजून केलेल्या बेपर्वाईला कायद्याने शिक्षा द्यावी, यात वाद नाही. परंतु जीव मुठीत धरून काही सेकंदांत घेतलेल्या निर्णयावर पुढे वर्षानुवर्षे शांतपणे वाद घालून शिक्षा ठरवायची असेल, तर पुढच्या चौकशीत कोणताही वैमानिक मोकळेपणाने बोलणार नाही. एनटीएसबीला १५४९ ची खरी हकीकत कळली, ती दोन्ही वैमानिकांनी आपल्या मनात त्या क्षणी काय चालले होते ते न लपवता सांगितले म्हणून.

आणि त्या हकीकतीत सगळेच काही अभिमानाने मिरवावे असे नव्हते. लोकांपर्यंत पोचलेल्या कहाणीत गळलेला भाग तो हाच. स्काइल्स यांनी जी चेकलिस्ट उघडली, ती दोन्ही इंजिने खूप उंचावर, वीस हजार फुटांच्या वर बंद पडतील असे गृहीत धरून लिहिलेली होती. तेवढ्या उंचीवर हाताशी बरीच मिनिटे असतात; २,८०० फुटांवर नसतात. त्यांनी विलक्षण चपळाईने काम केले, तरी ती यादी पुरी होऊ शकली नाही, आणि पाण्यात उतरण्यासंबंधीच्या कृती तिच्या शेवटी असल्याने त्यांच्यापर्यंत कोणी पोचलेच नाही. पाण्याच्या पातळीखालची उघडी तोंडे बंद करणारे बटण दाबले गेले नाही ते त्यामुळेच. उतरताना विमानाचा वेग हवा होता त्यापेक्षा कमी झाला होता, त्यामुळे शेवटच्या क्षणी नाक पुरेसे उचलणे कठीण गेले आणि विमान पाण्यावर जोराने आदळले. या जातीच्या विमानाला सुरक्षिततेचे प्रमाणपत्र देताना, पाण्यात उतरायची वेळ आली तर ते सेकंदाला साडेतीन फूट या वेगाने खाली येईल असे धरले होते. प्रत्यक्षात ते साडेबारा फुटांच्या आसपास वेगाने आले. शेपटीकडची तळाची बाजू फाटली, खालच्या सांगाड्यातली एक तुळई केबिनच्या जमिनीतून वर घुसली आणि मागे बसलेल्या महिला कर्मचाऱ्याच्या पायात खोल जखम झाली. मागचा भाग पाण्याने भरू लागल्यामुळे तिथले दरवाजे वापरता आले नाहीत.

आता ज्या मुद्द्यापाशी मला सर्वाधिक थांबायचे आहे, तो तराफ्यांचा. या विमानाच्या दारांना असलेल्या घसरगुंड्या सुटून तराफा म्हणून तरंगू शकतील अशा होत्या. पुढच्या दोन दारांतल्या अशा तराफ्यांवर साठाहून अधिक प्रवाशांना आधार मिळाला. बाकीचे बहुतेक पंखांवर, काही तर गुडघाभर पाण्यात उभे होते. हे तराफे त्या विमानात असण्याचे कारण इतकेच की, कंपनीच्या ताफ्यातील काही विमाने किनाऱ्यापासून दूर समुद्रावरून उडण्यासाठी सज्ज केलेली होती आणि त्या दिवशी त्यांपैकी एक या मार्गावर लागले होते. न्यूयॉर्क ते शार्लट या मार्गासाठी नियमाने तशा साधनांची सक्ती नव्हती. नदीचे पाणी ५ अंश सेल्सिअस होते आणि हवेचे तापमान गोठणबिंदूच्या खाली होते. इतक्या थंड पाण्यात पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्या काही मिनिटांतच आवरेनासा होतो आणि पोहता येणारा माणूसही बुडू शकतो. प्रवाशांपैकी फार थोड्यांनी लाइफ जॅकेट आसनाखालून काढून नीट घातले होते. उड्डाणापूर्वी दाखवलेले सुरक्षा प्रात्यक्षिक बहुतेकांनी पाहिलेले नव्हते, हेही चौकशीत नोंदले गेले. पहिली फेरीबोट काही मिनिटांत पोचली, कारण विमान मॅनहॅटनच्या मधल्या भागातील धक्क्यांजवळ, दिवसाउजेडी आणि फेरी चालू असतानाच्या वेळी थांबले होते. यातला एकही घटक कोणी योजलेला नव्हता. वैमानिकाचे कौशल्य खरे, कर्मचाऱ्यांची शिस्त खरी. पण सगळे वाचले यात नशिबाचाही मोठा वाटा होता, आणि नशिबावर नियम लिहिता येत नाही.

मे २०१० मध्ये एनटीएसबीने अहवाल स्वीकारला आणि त्याबरोबर पस्तीस शिफारशी केल्या. कमी उंचीवर दोन्ही इंजिने गेल्यास वापरता येईल अशी चेकलिस्ट आणि तिचे प्रशिक्षण, पाण्यात उतरण्यासंबंधीच्या प्रमाणपत्राच्या गृहीतकांची फेरतपासणी, पक्षी सहन करण्याच्या इंजिनांच्या निकषांचा फेरविचार, तराफे आणि जॅकेट यांसंबंधीचे नियम, असा त्यांचा विस्तार होता. शिफारस करणे एवढेच या मंडळाच्या हाती असते. नियम करतो तो संघराज्य विमान वाहतूक विभाग, म्हणजे एफएए. काही शिफारशींवर कृती झाली, काहींवर सूचनापत्रे निघाली, आणि विमानात अधिक साधने बसवणे भाग पडेल अशा काही शिफारशी स्वीकारल्या गेल्या नाहीत.

याच हिवाळ्यातली दुसरी घटना येथे लक्षात घ्यावी लागते. १२ फेब्रुवारी २००९ रोजी, म्हणजे हडसननंतर महिन्याच्या आत, कोल्गन एअरचे ३४०७ क्रमांकाचे विमान बफेलोजवळ एका घरावर कोसळले आणि विमानातील ४९ व जमिनीवरील एक, असे ५० जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या कुटुंबीयांनी वॉशिंग्टनमध्ये अथक पाठपुरावा केला आणि दुसऱ्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने विमान सुरक्षेचा कायदा संमत केला. सहवैमानिकालाही १,५०० तासांच्या उड्डाण अनुभवाची अट आली, थकव्यासंबंधीचे नियम बदलले. त्या अटीबद्दल वाद घालता येईल, कारण कोल्गनच्या दोन्ही वैमानिकांचे तास १,५०० पेक्षा अधिकच होते. परंतु त्या कुटुंबांनी आपल्या दुःखातून जे घडवून आणले, त्याबद्दल मला अतिशय आदर आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. हडसनच्या प्रवाशांचे कुटुंबीय वॉशिंग्टनला गेले नाहीत, कारण त्यांची माणसे घरी परतली होती. तराफ्यांच्या नियमासाठी एकही फोटो छातीशी धरून कोणी सभागृहात बसले नाही. ज्या उणिवांमुळे १५५ माणसे मरू शकली असती, त्या उणिवा माणसे मेली नाहीत म्हणून कमी महत्त्वाच्या ठरतात का? आजची व्यवस्था या प्रश्नाला प्रत्यक्ष कृतीतून होय असे उत्तर देते.

लोकभावनेच्या दबावाखाली काही पावले तत्काळ उचलली गेली, पण ती कोणती, हे पाहिले की चौकशीची वाट पाहणे का आवश्यक असते ते कळते. २००९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये विमानतळांच्या परिसरातले हजाराहून अधिक कॅनडा हंस पकडून मारण्यात आले. दरम्यान स्मिथसोनियन संस्थेतील शास्त्रज्ञांनी इंजिनात सापडलेल्या पिसांचे आणि ऊतींचे विश्लेषण करून दाखवले की, १५४९ ला धडकलेले हंस शहरात कायम राहणारे नव्हते. ते उत्तरेकडून आलेले स्थलांतरित होते. शहरातल्या हंसांमुळे धोका नसतो असे नाही. पण ज्या थव्याने विमान पाडले त्याच्यावर त्या मोहिमेचा काहीच परिणाम होणार नव्हता. हंसाचे वजन साडेतीन किलोच्या आसपास आणि त्या इंजिनाची चाचणी त्याच्या निम्म्या वजनाच्या पक्ष्यासाठी, ही खरी अडचण होती आणि तिच्यावर उपाय शोधणे महागडे होते.

खर्चाचा विषय कॅप्टन सलेनबर्गर यांनीच काढला होता. २४ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकन प्रतिनिधीगृहाच्या उपसमितीपुढे बोलताना त्यांनी सांगितले की, आपले वेतन चाळीस टक्क्यांनी कापले गेले आहे, कंपनीचे निवृत्तिवेतन संपुष्टात आले आहे, आणि आपल्या मुलांनी या व्यवसायात यावे असे वाटणारा एकही व्यावसायिक वैमानिक आपल्या ओळखीत नाही. सारा देश ज्याचे कौतुक करत होता, त्या माणसाने त्या प्रसिद्धीचा उपयोग यासाठी केला, याचे महत्त्व मला त्या उतरण्याइतकेच वाटते. त्या दिवशी कॉकपिटमध्ये जवळजवळ वीस हजार तासांचा अनुभव असलेला कॅप्टन होता आणि पंधरा हजारांहून अधिक तास उडालेला सहवैमानिक होता. स्काइल्स यांचे ए-३२० चे प्रशिक्षण नुकतेच संपले होते, त्यामुळे चेकलिस्टची पाने त्यांच्या बोटांना ताजी होती. म्हणूनच विमान एकाने उडवायचे आणि यादी दुसऱ्याने हाताळायची ही वाटणी जमली. लांब पल्ल्याच्या उड्डाणात काही काळ कॉकपिटमध्ये एकच वैमानिक असावा, अशी कल्पना गेली काही वर्षे विमान उत्पादक पुढे करत आहेत. जमिनीपासून २,८०० फुटांवर एकटा माणूस यातले काय काय करू शकला असता, याचे उत्तर त्यांनी १५४९ च्या ध्वनिमुद्रणाच्या आधारे द्यावे.

त्याच उपसमितीपुढे त्याच दिवशी नियंत्रक हार्टनही बोलले. विमान रडारवरून नाहीसे झाल्यावर त्यांना जागेवरून उठवण्यात आले, आणि विमानातील सगळे गेले, त्यांच्याशी शेवटचे बोलणारे आपणच, अशी त्यांची खात्री झाली होती. पत्नीला फोन केला तर आपण कोसळून पडू या भीतीने त्यांनी तिला छोटासा लेखी निरोप पाठवला. सगळे वाचल्याचे कळल्यानंतरही तो धक्का ओसरायला वेळ लागला. सलेनबर्गर यांनीही नंतरच्या आठवड्यांतल्या निद्रानाशाबद्दल जाहीरपणे सांगितले आहे. कोणी दगावले नाही म्हणजे कोणाला काही झाले नाही असा अर्थ होत नाही, आणि विमान कंपन्यांनी अशा घटनेनंतर कर्मचाऱ्यांना कामावर परत बोलावण्याचा दिवस ठरवताना हे ध्यानात ठेवायला हवे.

माझी मागणी अवास्तव नाही. प्रत्येक शिफारस जशीच्या तशी मान्य करावी, असेही माझे म्हणणे नाही. विमानात वाढवलेल्या प्रत्येक किलोचा खर्च असतो आणि नियामकाने तो तोलला पाहिजे. एनटीएसबीच्या शिफारशीला नव्वद दिवसांत उत्तर देण्याचे बंधन अमेरिकन कायद्यात आहेच. त्यात एवढी भर घालावी की, शिफारस नाकारायची असेल तर नियामकाने काँग्रेसच्या खुल्या बैठकीत येऊन नकाराचे कारण आणि वाचणारा खर्च, दोन्ही सांगावे, आणि जीवितहानी झालेल्या व न झालेल्या अपघातांच्या शिफारशींना एकच मुदत लागू करावी. तराफ्यांचा प्रश्न अशा बैठकीत पहिल्यांदा मांडला जावा, आणि तेव्हा साक्षीसाठी हडसनच्या प्रवाशांना बोलवावे. पंखावर उभे राहून बोटीची वाट पाहणाऱ्यांना त्या पाण्याविषयी जे ठाऊक आहे, ते कोणत्याही खर्चाच्या तक्त्यात आलेले नाही.